मनोविकारांवरील प्रचलित औषधे आणि आपली चिकित्सा : मागच्या चिठ्ठीचा अभ्यास

प्रास्ताविक

आपल्या चिकित्सालयात येणारा मनोविकाराचा रुग्ण पूर्वी कोणतेच औषध न घेतलेला असा क्वचितच असतो. बारामती, फलटण किंवा पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी त्याच्या घरी फडताळात असते, गोळ्यांची अर्धी पट्टी उशाखाली असते, आणि आपल्यासमोर बसून तो केवळ "झोप येत नाही, भूक नाही, अंगात त्राण नाही" एवढेच सांगतो. लोकलाजेमुळे पहिली चिठ्ठी तो दाखवत नाही. आपणही नाडी, जिव्हा, मल-मूत्र विचारतो. ती चिठ्ठी विचारत नाही. प्रस्तुत लेख त्या न विचारलेल्या चिठ्ठीविषयी आहे. आधुनिक मनोविकार-औषधे आपण लिहावीत असा याचा हेतू नाही. रुग्ण ती घेत असताना आपले कोणते औषध व कोणते कर्म हितकर, कोणते घातक, आणि औषधालयाच्या फळीवरून काय देऊ नये, एवढाच विषय मर्यादित ठेवला आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. सुमारे अठरा वर्षांपूर्वी, सांगवीत व्यवसाय सुरू करून थोडाच काळ झाला असताना, चाळिशीतील एक बागायतदार निद्रानाशाची तक्रार घेऊन आले. रक्तदाब किंचित वाढलेला, मन उदास, बोलणे कमी. मी वातपित्ताचा विचार करून सर्पगंधा घनवटी रात्री दोन व सकाळी एक अशी दिली. झोप लागू लागली, रक्तदाब उतरला, मला समाधान वाटले. तिसऱ्या आठवड्यात घरच्या माणसांनी त्यांना पहाटे विहिरीच्या काठावरून परत आणले. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "तुमचं सुरू केलं म्हणून मालकांनी ती इंग्रजी गोळी सोडली." ती गोळी एसिटालोप्रामची होती, चार महिन्यांपासून चालू होती आणि तिने त्यांना बरे वाटत होते. म्हणजे एकाच वेळी विषादावरील औषध बंद झाले आणि विषाद वाढवू शकणारे औषध सुरू झाले. ते गृहस्थ वाचले, आज उत्तम आहेत, अधूनमधून भेटतात. सर्पगंधा हे औषध मात्र मला नव्याने वाचावे लागले.

सर्पगंधा : आपलेच द्रव्य, अपुरे वाचलेले

मनोविकारांवरील आधुनिक औषधांच्या इतिहासाचे एक टोक आपल्याकडेच आहे. १९३१ साली कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंत सर्पगंधेच्या उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांतील अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रिसर्पीन वेगळे केले. १९५४ पासून अमेरिकेत डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांत वापरले. १९५७ चे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांत वकील व क्लाइन हे दोघेही होते.

पुढचा भाग आपल्या पाठ्यपुस्तकांत थोडक्यात उरकला जातो. रिसर्पीन हे मज्जातंतूंच्या टोकांतील सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन व डोपामिन या द्रव्यांचा साठा रिकामा करते. साठा रिकामा झाला म्हणून रक्तदाब उतरतो आणि उन्मादाचा क्षोभ शमतो. त्याच कारणाने काही रुग्ण उदास होतात. रक्तदाबासाठी रिसर्पीन घेणाऱ्यांत हे १९५० च्या दशकातच नोंदले गेले. विषादाचा संबंध या द्रव्यांच्या न्यूनतेशी असावा, या कल्पनेला बळ मिळाले ते बव्हंशी या निरीक्षणातून. अल्प मात्रेत हा धोका पूर्वी समजला गेला तेवढा मोठा नसावा, असे नंतरच्या काही अभ्यासकांचे मत आहे. तथापि विषाद असलेला किंवा पूर्वी होऊन गेलेला रुग्ण, आत्मघाताचे विचार असलेला रुग्ण, विद्युत्-उपचार चालू असलेला रुग्ण आणि आमाशयव्रणाचा रुग्ण यांत रिसर्पीन निषिद्ध मानले जाते. आपण मुळाचे चूर्ण किंवा घन देतो म्हणून हा निषेध आपल्याला लागू नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

मात्रेचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. सुक्या मुळात रिसर्पीनचे प्रमाण सुमारे ०.१ टक्का धरले तर एक ग्रॅम चूर्णात १ मि.ग्रॅ. रिसर्पीन येते. रक्तदाबासाठी आधुनिक वैद्यकात रिसर्पीनची दैनिक मात्रा ०.१ ते ०.२५ मि.ग्रॅ. एवढीच असे. चूर्णातून सर्व अंश शोषला जात नाही हे खरे. परंतु "वनस्पती आहे, दोन गोळ्या जास्त गेल्या तरी काय होते" हे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही. शिवाय बाजारात रॉवोल्फिया टेट्राफायला या दुसऱ्या जातीची मुळे सर्पगंधा म्हणून येतात. तिच्यातील घटकांचे प्रमाण वेगळे, त्यामुळे एका खेपेची मात्रा दुसऱ्या खेपेला लागू पडत नाही. सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत आणि अस्सल मूळ महाग आहे. स्वस्त मिळाले तर औषधालयचालकाने शंका घ्यावी.

घनवटीविषयी आणखी एक गोष्ट. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या 'सिद्धयोगसंग्रहा'तील सर्पगंधा घनवटीत सर्पगंधेसोबत खुरासानी ओवा, जटामांसी, भांग व पिंपळमूळ आहेत. खुरासानी ओव्यातील क्षारद्रव्ये तोंड कोरडे पाडतात, बद्धकोष्ठ करतात, मूत्र अडवतात व दृष्टी धूसर करतात. ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन यांसारख्या जुन्या विषादहर गोळ्या आणि हालोपेरिडॉलच्या जोडीला दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल हीदेखील नेमके हेच करतात. वृद्ध पुरुषाला, विशेषतः अष्ठीलावृद्धी असलेल्याला, दोन्ही एकत्र पडली की रात्री मूत्राघात घेऊन तो आपल्याच दारात येतो. पिंपळीतील पायपरिन काही आधुनिक औषधांचे यकृतातील पचन मंद करून त्यांची रक्तातील पातळी वाढवते. फेनिटॉइनबाबत हे दिसून आले आहे. म्हणजे एका घनवटीत तीन ठिकाणी विचार करावा लागतो.

सर्पगंधा सोडून द्यावी असे मी म्हणत नाही. मी ती आजही वापरतो, पण विषाद नाही याची खात्री करून, पूर्वीचे औषध पाहून आणि सात दिवसांपेक्षा अधिक एका वेळी न देता.

उन्माद म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे

आपल्या परिषदांतून उन्माद = स्किझोफ्रेनिया, विषाद = डिप्रेशन अशी कोष्टके फळ्यावर लिहिली जातात. ती सोयीची आहेत, पण चिकित्सेत फसवतात. चरकांनी मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांच्या विभ्रमाला उन्माद म्हटले. ही एका रोगाची व्याख्या नसून परीक्षेची चौकट आहे. वातज उन्मादातील अकारण हसणे, नाचणे, असंबद्ध बोलणे हे तीव्र उन्मत्त अवस्थेतही (आधुनिक परिभाषेत मॅनिया) दिसते व स्किझोफ्रेनियातही. कफज उन्मादातील एकांताची आवड, मौन, अरुची व शौचद्वेष हे वर्णन वाचताना तर गंभीर विषादाचा रुग्ण डोळ्यांसमोर येतो. विषाद हा शब्द चरकांनी वाताच्या ८० नानात्मज विकारांत घातला आहे, म्हणून प्रत्येक उदास रुग्णाला केवळ वातघ्न चिकित्सा द्यावी असे होत नाही.

आठ विभ्रमांची चौकट मी रोजच्या तपासणीत वापरतो. भक्ती म्हणजे आवडी-निवडी. ज्याला तमाशाची, भजनाची, बैलांची आवड होती त्याला ती उरली आहे का? शील बदलले आहे का? कानांत कोणी बोलते का? जगणे नकोसे वाटते का? हा शेवटचा प्रश्न विचारल्याने तसा विचार रुग्णाच्या मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने रुग्णाला बहुधा हायसे वाटते. मी तो त्या बागायतदारांना विचारला नव्हता.

चिठ्ठीवरील औषधे आणि आपल्या ओसरीवरची लक्षणे

विषादहर औषधांत आज बहुधा एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्झेटिन ही नावे दिसतात. यांचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. आरंभी मळमळ, अस्वस्थता व झोपमोड होते, म्हणून रुग्ण दहाव्या दिवशी आपल्याकडे येऊन "ती गोळी उष्ण पडली" असे सांगतो. या वेळी ती बंद करण्याचा सल्ला देणे ही आपल्याकडून होणारी सर्वांत मोठी चूक आहे. अम्लपित्तासाठी लघु आहार, धने-जिऱ्याचे पाणी, रात्री पादाभ्यंग एवढे पुरते आणि दोन आठवडे निघून जातात. एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटणे ही लक्षणे येतात व ती वातप्रकोप म्हणून आपल्याच माथी मारली जातात. ॲमिट्रिप्टिलिन गटाच्या गोळ्या एकदम अनेक घेतल्यास हृदयाला घातक ठरतात. घरात साठा कोणाच्या ताब्यात आहे हे नातेवाइकांना विचारावे.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या. महिनोन्‌महिने घेणाऱ्याने अचानक सोडल्या तर कंप, भीती व प्रसंगी अपस्मारासारखे झटके येतात. जटामांसी, तगर, अश्वगंधा यांनी त्यांची जागा हळूहळू घेता येईल असा माझा अनुभव आहे, पण "हळूहळू" म्हणजे आठवडे आणि महिने, आणि मात्रा उतरवण्याचा क्रम लिहून देणाऱ्या तज्ज्ञाशी बोलूनच. दोन्ही पूर्ण मात्रेत एकत्र दिली तर वृद्ध रुग्ण रात्री लघवीला उठताना पडतो.

उन्मादावरील औषधांकडे अधिक लक्ष द्यावे लागेल, कारण त्यांचे उपद्रव थेट आपल्या वातव्याधीच्या वर्णनात बसतात. हालोपेरिडॉल सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत तरुण रुग्णाची मान एकाएकी वाकडी होते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. गावात याला बाहेरची बाधा म्हणतात, आपण मन्यास्तंभ किंवा आक्षेपक म्हणतो. प्रत्यक्षात ती औषधाची तीव्र प्रतिक्रिया असते व योग्य इंजेक्शनने अर्ध्या-एक तासात उतरते. येथे नस्य किंवा स्वेदन करण्यात वेळ दवडू नये. दुसरा उपद्रव म्हणजे पायांची अस्वस्थता. रुग्ण एका जागी बसू शकत नाही, सारखा फेऱ्या मारतो. घरचे म्हणतात वेड वाढले, आणि औषध वाढवण्याची मागणी होते. तिसरा, काही आठवड्यांनी येणारा हातांचा कंप व चेहऱ्याचा ताठरपणा. हा कंपवात म्हणून कपिकच्छू चूर्ण देणारे वैद्य मला ठाऊक आहेत. कपिकच्छूच्या बियांत एल-डोपा असते. मूळ औषध डोपामिनचा मार्ग अडवून उन्माद शमवत असते. आपण दुसऱ्या दाराने डोपामिन आत सोडतो आणि शांत झालेला उन्माद पुन्हा उसळतो. हालोपेरिडॉलवर सर्पगंधा दिली तर उलट बाजूने कंप व ताठरपणा वाढतो.

उन्मादाच्या औषधावर असलेल्या रुग्णास तीव्र ज्वर, अंग लाकडासारखे ताठ व बेशुद्धीकडे झुकणारी अवस्था एकत्र दिसली तर ज्वरचिकित्सा करत बसू नये, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. क्लोझापिन घेणाऱ्याला ज्वर व घसा दुखणे हेही तसेच. या औषधाने पांढऱ्या पेशी घटू शकतात; १९७५ साली फिनलंडमध्ये यातून मृत्यू झाल्यावर रक्ततपासणीचे बंधन आले. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची त्वचा उन्हाने भाजल्यासारखी होते, हे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना कोणी सांगत नाही, आपण सांगावे. ओलान्झापिनने वजन व रक्तशर्करा वाढतात. येथे मेदोहर आहार-विहार, चालणे व अग्निदीपन यांनी आपण खरी मदत करू शकतो, आणि तज्ज्ञही त्याबद्दल कृतज्ञ असतात.

आपल्या योगांच्या बाजूने प्रामाणिकपणे पाहायचे तर १९७६ साली ब्राह्म्यादियोग, तगर व क्लोरप्रोमाझिन यांची तुलनात्मक चाचणी भारतात झाली होती. २००७ च्या कोक्रेन समीक्षेत स्किझोफ्रेनियासाठी आयुर्वेदाच्या तीनच छोट्या चाचण्या निकषांत बसल्या आणि कल क्लोरप्रोमाझिनच्या बाजूने होता. कल्याणक घृत, महापैशाचिक घृत यांवर माझी श्रद्धा आहे. परंतु तीव्र उन्मादात रुग्णाचे चालू औषध काढून ती द्यावीत असे सांगणारा पुरावा आज आपल्या हाती नाही. चालू औषधासोबत, अग्निबल पाहून, अवश्य द्यावीत.

लिथियम आणि शरदातील विरेचन

मॅनिया व विषाद यांचे आवर्तन असणाऱ्या रुग्णांत लिथियम हे फार जुने व उत्तम औषध आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उपयोग मांडला, त्याच वर्षी वकिलांचा सर्पगंधेवरील लेख आला होता. लिथियम हा क्षार आहे. वृक्क त्याला सोडियमसारखाच हाताळते. शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की वृक्क लिथियम धरून ठेवते व त्याची पातळी चढते. रक्तातील हितकर पातळी ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर, १.५ च्या पुढे विषलक्षणे सुरू होतात. हितकर व विषारी यांत इतके थोडे अंतर असलेली औषधे फार नाहीत.

आता आपली कर्मे आठवावीत. शरद ऋतूत आपण विरेचन करतो. आपल्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऑक्टोबरची उष्णता कशी असते ते सर्वांना ठाऊक आहे. पंचकर्म शिबिरात दिवसाला पंधरा-वीस रुग्णांना विरेचन दिले जाते. त्यात एखादा लिथियम घेणारा असेल तर वीस-पंचवीस वेगांनंतर, संसर्जन क्रमात मीठ वर्ज्य केलेले असताना, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला हात कापणे, उलट्या, जीभ जड होणे, तोल जाणे ही लक्षणे येतील. आपण त्याला विरेचनाचा अतियोग समजू. ते लिथियमचे विष असते आणि त्याने वृक्क व मेंदू दोन्हींना इजा होऊ शकते. वमन, बाष्पस्वेद, लवणवर्ज्य पथ्य, कडक उपवास या सर्वांना हेच लागू. अंगदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही पातळी वाढवतात. लिथियमच्या रुग्णात शोधन करू नये, शमनावर भागवावे. माझ्या शिबिराच्या नोंदणीपत्रकात आता "मनोविकाराची कोणतीही गोळी चालू आहे काय" हा प्रश्न पहिल्या ओळीत आहे व त्याचे उत्तर रुग्णाला एकट्याला बाजूस घेऊन विचारले जाते, रांगेत नव्हे.

व्हॅल्प्रोएट घेणारी स्त्री अपत्यासाठी चिकित्सेला आली तर गर्भाधानाच्या आधीच तिला तज्ज्ञाकडे पाठवावे; या औषधाने गर्भाच्या मज्जारज्जूत व्यंग येऊ शकते. फलघृत सुरू करून मोकळे होऊ नये.

शंखपुष्पीविषयी एक मुंबईतील नोंद सांगण्यासारखी आहे. फेनिटॉइनवर नियंत्रणात असलेल्या अपस्माराच्या दोन रुग्णांना शंखपुष्पीचे सिरप सुरू केल्यावर पुन्हा झटके येऊ लागले. तेथील औषधशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून पाहिले तेव्हा फेनिटॉइनची रक्तातील पातळी उतरलेली व गुणही कमी झालेला आढळला. हा शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. "मेंदूचे टॉनिक" म्हणून परीक्षेच्या दिवसांत ही बाटली किती सहज दिली जाते!

औषधालयचालकांसाठी

आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, बहुधा पाच ते दहा टक्के. ज्या माणसाला व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम चालू आहे त्याने सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट किंवा दशमूलारिष्ट घेतले तर चेहरा लाल होणे, छातीत धडधड, उलट्या व रक्तदाब घसरणे असा प्रकार होऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. आणि डायसल्फिराम अनेकदा पत्नीच्या हातून, गुपचूप, जेवणात दिली जाते. ती तसे काउंटरवर सांगणार नाही. (असे गुपचूप देणे मुळातच चुकीचे आहे, हे तिला शांतपणे समजावावे.) दारू सोडलेल्या गिऱ्हाइकाला अरिष्टाऐवजी चूर्ण, वटी किंवा घृत द्यावे, हा सोपा नियम.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही अनुसूची एच-१ मध्ये आहेत. ही अनुसूची २०१३ मध्ये आली. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि लिहून देणाऱ्याचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व संख्या यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे ठेवायची. ओळखीच्या माणसाला "दोनच गोळ्या" देण्याची आपल्या बाजारपेठेतील रीत यात बसत नाही. निनावी "आयुर्वेदिक झोपेच्या पुड्या" ठेवूच नयेत. त्यांत काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पाठवावे कोठे

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यांचा समावेश आहे. आपण बहुसंख्य बी.ए.एम.एस. त्यात येत नाही. आपले काम ओळखणे, सांभाळणे व वेळेवर पाठवणे हे आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दूरच्या प्रकरणी येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. शासनाची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली; हा क्रमांक चिकित्सालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा.

पाठवताना चिठ्ठीवर आपण दिलेल्या औषधांची नावे घटकांसह लिहावीत. "आयुर्वेदिक औषध चालू" एवढ्याने तज्ज्ञाला काहीच कळत नाही. सर्पगंधा असेल तर ती ठळक लिहावी, मात्रा व शेवटचा दिवस द्यावा. त्या बागायतदारांना पाठवताना मी हे कसेबसे लिहिले होते. चार दिवसांनी तेथील डॉक्टरांचा मला दूरध्वनी आला आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो घनवटीतील खुरासानी ओव्याविषयी.